'द लास्ट कमांड'मधला यानिंग्ज ओव्हर वाटतो का? जरा सविस्तर उत्तर

प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये जोसेफ फॉन स्टर्नबर्गचा 'द लास्ट कमांड' हा 1928चा मूकपट दाखवणार आहेत, सिनेमाआधी दहा मिनिटं बोलायचंय, आणि ते स्वतः नाटकात कामं करतात. त्यांच्या तीन अडचणी आहेत. एमिल यानिंग्जचा अभिनय त्यांना ओव्हर वाटतो आणि याला अभिनयाचं पहिलं ऑस्कर कसं मिळालं ते कळत नाही, नताली ही क्रांतिकारक बाई जनरलच्या प्रेमात पडते ते पटत नाही, आणि शेवट फार रडका वाटतो. वर भीती अशी की मुलं हसतील.

मुलं हसतील का हे तुमच्या हॉलवर, तुमच्या कॉपीवर आणि तुम्ही आधी काय बोलता यावर अवलंबून आहे, त्याची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. बाकीच्या तिन्हींवर मात्र मला बोलायचंय कारण हा सिनेमा मला मनापासून आवडतो. मी बरीच वर्षं मालिका आणि सिनेमांच्या सेटवर असिस्टंट डिरेक्टर म्हणून काढली, त्यातली निम्मीअधिक ज्युनिअर आर्टिस्टांची गर्दी सांभाळण्यात गेली, आणि आता फिल्म अप्रिसिएशनची वर्कशॉप घेतो, तिथे हा सिनेमा कायम असतो.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट अशी. 1928चं हॉलिवूड. लिओ आंद्रेयेव नावाचा रशियन डिरेक्टर (विल्यम पॉवेल) एक्स्ट्रांचे, म्हणजे गर्दीत उभ्या राहणाऱ्या रोजंदारी नटांचे, फोटो चाळत बसलाय, त्यात एका म्हाताऱ्याचा (एमिल यानिंग्ज) फोटो येतो. हा म्हातारा स्वतःला झारचा भाऊबंद आणि रशियन सैन्याचा सेनापती म्हणवतो आणि साडेसात डॉलर रोजावर काम करतो. लिओ त्याला बोलवायला सांगतो. म्हातारा येतो, जनरलचा युनिफॉर्म घेतो, मेकअपच्या आरशात बघतो आणि आपण 1917च्या रशियात जातो, जिथे हा खरोखरच ग्रँड ड्यूक सर्जियस अलेक्झांडर आहे. तिथे हाच लिओ क्रांतिकारक नट म्हणून त्याच्यासमोर आणला जातो, जनरल त्याच्या तोंडावर चाबूक ओढतो आणि तुरुंगात टाकतो, आणि त्याच्यासोबतच्या नटीला, नताली दाब्रोवाला (एव्हलिन ब्रेंट), स्वतःजवळ ठेवून घेतो. मग क्रांती होते, ट्रेन बोल्शेविक क्रांतिकारकांच्या हातात जाते, जनरलला इंजिनात कोळसा टाकायला लावतात, नताली त्याला पळून जायला मदत करते, तो उडी मारतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर ती ट्रेन नतालीसकट पुलावरून बर्फाच्या नदीत कोसळते. मग परत हॉलिवूड, आणि आता ऑर्डर देणारा लिओ आहे.

आता तुमची पहिली अडचण. माझ्या मते खरी गोची अशी आहे की तुम्ही नाटकवाले, त्यामुळे बघताना तुमची नजर सरळ नटाच्या चेहऱ्यावर जाते आणि तिथेच राहते. यानिंग्जचा चेहरा मोठा आहे, तो डोळे मोठे करतो, ओठ दाबतो, हे सगळं खरंय. पण स्टर्नबर्गने हा सिनेमा चेहऱ्यावर कमी आणि वस्तूंवर जास्त उभा केलाय: कोट, चाबूक, पदक, सिगरेट, बूट. यानिंग्जचा अभिनय या वस्तूंशी जोडून बघितला तर तो अतिशय हिशोबी निघतो. वर्कशॉपमध्ये मी मुलांना सांगतो की पहिली पंधरा मिनिटं चेहऱ्याकडे बघूच नका, फक्त कोण कुणाच्या हातात काय देतंय ते बघा. बऱ्याच जणांचं मत तिथेच बदलतं.

सुरुवातीचाच सीन घ्या. लिओ तोंडात सिगरेट धरतो आणि लगेच आजूबाजूने पेटते लायटर घेऊन हात पुढे येतात, एक नाही, कितीतरी. माणसं दिसत नाहीत, हातच दिसतात. सत्ता कुणाकडे आहे हे एका शॉटमध्ये कळलं, टायटल कार्ड, म्हणजे मूकपटात मधे येणारी मजकुराची पाटी, लावायची गरजच पडली नाही. माझं सेटवरचं आयुष्य गेलं असल्यामुळे सांगतो, मोठ्या डिरेक्टरच्या खुर्चीभोवती आजही अगदी हेच चालतं, लायटरच्या जागी चहाचा कप आणि मोबाइलचा चार्जर आलाय एवढंच.

त्यानंतर येतो माझा सगळ्यात आवडता तुकडा, आणि दहा मिनिटांत एकाच गोष्टीवर बोलायचं असेल तर यावर बोला. स्टुडिओच्या गेटवर एक्स्ट्रांची झुंबड उडालेली आहे, गेट उघडतं, सगळे आत घुसतात आणि खिडक्यांची एक रांग लागते. एका खिडकीतून कपडे फेकले जातात, पुढच्या खिडकीतून बूट, पुढे टोपी, पुढे हत्यार. कॅमेरा या खिडक्यांच्या कडेने सरकत जातो आणि म्हातारा प्रत्येक खिडकीशी धक्के खात उभा राहतो. कुणी त्याचं नाव विचारत नाही, मापही नीट विचारत नाही. हा एक्स्ट्रा बनवण्याचा कारखाना आहे, एका टोकाला माणूस आत जातो आणि दुसऱ्या टोकाला रशियन सैनिक बाहेर पडतो.

मी ऐतिहासिक मालिकांच्या सेटवर ड्रेसदादांच्या, म्हणजे कपडे सांभाळणाऱ्यांच्या, ट्रंकेसमोर अशीच रांग लावलेली आहे. पहाटेचा कॉल, दीडशे माणसं, ड्रेसदादा बघून बघून गठ्ठा हातात देणार, पायजमा आखूड असला तर शेल्याने झाकायचा, आणि एकदा कपडे चढले की दिवसभर त्या माणसाला त्या कपड्यानेच हाक मारायची. 'ए भालावाले, दोन पावलं मागे', 'ए लाल पगडी, इकडे बघू नका'. यात कुणाचा दुष्टपणा नसतो, काम त्याशिवाय उरकतच नाही. पण एक गोष्ट मी वर्षानुवर्षं बघितलीय, ज्याला सरदाराचा अंगरखा मिळतो त्याची चाल तिथल्या तिथे बदलते, तो नाश्त्याच्या लाइनीतसुद्धा वेगळा उभा राहतो. यानिंग्जने हे पक्कं पकडलंय. गेटवर तो खांदे पाडून, मान आत घेऊन उभा आहे, आणि युनिफॉर्म अंगावर चढायला लागल्यावर पाठ हळूहळू कशी सरळ होत जाते ते बघा. हे काम पाठीचं आहे आणि ते अजिबात ओव्हर नाही.

त्याची डोक्याची थरथर ही तुम्ही 'गिमिक' म्हणून लिहिलीत. सहमत नाही. मेकअपरूममध्ये बाजूचा नट वैतागतो की तुझ्या हलण्याने मला त्रास होतो, आणि म्हातारा माफी मागतो, म्हणतो की एकदा मोठा धक्का बसला होता. म्हणजे सिनेमा तिथे एक प्रश्न हातात ठेवतो, कसला धक्का? मग मधला पूर्ण रशियाचा भाग त्याचं डोकं ताठ आहे, तो छाती काढून चालतो, आणि आपण थरथर विसरूनसुद्धा जातो. ट्रेन नदीत जाते तेव्हा उत्तर मिळतं. एका शारीरिक लकबीने पूर्ण पटकथा बांधलेली आहे. दुसऱ्यांदा बघताना थरथर कुठे आहे, कुठे कमी होते, एवढंच टिपत जा, नट म्हणून तुम्हाला त्यातून खूप मिळेल.

आणि हो, तेव्हाचा प्रेक्षक यानिंग्जला युनिफॉर्ममधूनच ओळखत होता. 1924मध्ये मुर्नाऊच्या जर्मन मूकपटात त्याने एका मोठ्या हॉटेलच्या दरवानाचं काम केलं होतं, ज्याचा झगमगीत कोट काढून घेतात आणि तो माणूस कोसळतो. तो सिनेमा बघितला असेल तर 'लास्ट कमांड'मध्ये तो काय नवीन करतोय हे जास्त कळतं. दरवानाकडे कोटाशिवाय काहीच नव्हतं. या जनरलकडे कोटाच्या आत खरोखर काहीतरी आहे का, हा या सिनेमाचा प्रश्न आहे.

ऑस्करचं जरा नीट सांगतो कारण कॉलेजात हा प्रश्न येणारच. पहिला समारंभ 16 मे 1929ला झाला, आणि त्या वर्षी अभिनयाचं बक्षीस एका सिनेमासाठी नव्हतं, यानिंग्जला ते दोन सिनेमांसाठी मिळालं, 'द लास्ट कमांड' आणि 'द वे ऑफ ऑल फ्लेश'. त्यातला दुसरा आज हरवलाय, थोडे तुकडे सोडले तर बघायलाच मिळत नाही. म्हणजे आपण अर्ध्या पुराव्यावर निकाल तपासतोय. समारंभाच्या आधीच तो जर्मनीला परत निघाला होता, म्हणून त्याला पुतळा आधीच दिला गेला. बोलपट आले होते आणि त्याच्या जर्मन उच्चारांचं इंग्रजी अमेरिकेत चालणं कठीण होतं. कथेसाठी लायोश बिरोला नामांकन होतं. ही कल्पना एका खऱ्या रशियन जनरलवरून सुचली, जो न्यूयॉर्कमध्ये रेस्टॉरंट चालवायचा आणि पुढे हॉलिवूडमध्ये एक्स्ट्रा म्हणून दिसला, असं सांगितलं जातं, आणि ती नेमकी कुणाला सुचली यावरून वादही झाले. तुम्ही त्या वादात पडू नका, दहा मिनिटांत तो मावत नाही.

कुणीतरी यानिंग्जच्या पुढच्या आयुष्याबद्दल विचारेल, आणि ते टाळू नका. 1930ला त्याने स्टर्नबर्गसोबतच 'द ब्लू एंजल' केला, पण नंतर नाझी राजवटीत तो तिथला मोठा मानाचा नट झाला, 1941चा 'ओम क्रूगर' तर सरळ प्रचारपट होता. युद्धानंतर त्याला पुन्हा सिनेमात काम करता आलं नाही, 1950ला तो ऑस्ट्रियात वारला. मी मुलांना हे स्पष्ट सांगतो आणि मग 1928चं काम 1928चं म्हणून दाखवतो. कुणाला तरीही त्याच्याबद्दल आपुलकी वाटली नाही तर ते त्यांचं म्हणणं मला मान्य आहे.

आता नताली. इथे मी तुमच्या बाजूने आहे, निम्म्यापर्यंत. ती त्याला खोलीवर बोलावते, पिस्तूल लपवलेलं त्याला दिसतं, तो मुद्दाम तिच्याकडे पाठ करतो, ती पिस्तूल उचलते आणि तिच्याने चालवणं होत नाही, कारण हा माणूस रशियावर आपल्याइतकंच प्रेम करतो असं तिला वाटतं. इथपर्यंत ठीक, पण तिथून प्रेमापर्यंतचा प्रवास फार घाईत उरकलाय. मलाही तो कच्चा वाटतो आणि लपवायचं काही कारण नाही. त्याआधी झार येतो आणि त्याच्यासाठी सैन्याची परेड होते तो भाग मात्र नीट बघा, कारण आघाडीवर माणसं मरत असताना हा दिखावा जनरलला नकोसा झालाय, आणि त्याचं देशावरचं प्रेम दाखवायला सिनेमाकडे तेवढाच खरा आधार आहे.

ट्रेन पकडली जाते तिथलं तिचं पलटणं मात्र मला अजिबात कच्चं वाटत नाही. तुम्ही लिहिलंत की ती अचानक त्याच्या विरोधात ओरडायला लागते ते विचित्र वाटलं. पण बघा, ती कोण आहे? नटी. सिनेमाने तिची ओळखच तशी करून दिलीय. समोर पिसाळलेला जमाव आहे, अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या जातायत, आणि या माणसाला वाचवायचा एकच मार्ग उरलाय तो म्हणजे जमावापेक्षा मोठ्या आवाजात त्याचा द्वेष करणं. म्हणून ती म्हणते याला लगेच मारू नका, पेट्रोग्राडपर्यंत कोळसा ओढायला लावा, तिथे सगळ्यांसमोर लटकवा. जमावाला ते पटतं, जनरललाही खरं वाटतं, आणि आपल्यालाही, कारण स्टर्नबर्ग आपल्याला आधी डोळा मारून काही सांगत नाही. तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रयोग आहे तो, आणि चुकला असता तर दोघंही गेले असते. एव्हलिन ब्रेंटकडे बघा, ती पूर्ण सिनेमाभर कमीत कमी हलते, यानिंग्जच्या बरोबर उलट, त्यामुळे ती ओरडते तेव्हा अंगावर येतं. नाटकवाल्या माणसाला तरी हा सीन आवडायला हवा!

इतिहासाचं एक सांगून ठेवतो, तुमच्या हॉलमध्ये इतिहासाचे विद्यार्थी असतील तर ते बोलतीलच. हा जनरल काल्पनिक आहे. झारच्या घराण्यातला ग्रँड ड्यूक निकोलाय निकोलायेविच खरोखर सेनापती होता पण 1915पर्यंतच, त्यानंतर झार दुसऱ्या निकोलसने सूत्रं स्वतःकडे घेतली. निकोलाय पुढे परागंदा होऊन फ्रान्समध्ये राहिला आणि जानेवारी 1929मध्ये तिथेच वारला, म्हणजे हा सिनेमा लागला तेव्हा असे लोक जिवंत होते आणि परदेशात दिवस काढत होते. सिनेमातली क्रांतीही दारू पिऊन धुडगूस घालणाऱ्या जमावाची आहे, लोक का चिडले होते हे त्यात फारसं येत नाही. त्याच सुमारास सोव्हिएत रशियात पुदोव्हकिन आणि आयझेनस्टाइन त्याच क्रांतीवर नेमक्या उलट बाजूने सिनेमे करत होते. वेळ असेल तर दोन्हींचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे शेजारी लावा, मुलं आपसूक बोलायला लागतात.

शेवटाकडे येतो, तिसरी अडचण. तुम्ही रडका म्हणालात, मी म्हणेन की तो सूडाचा सीन आहे आणि सूड हातातून निसटतो. लिओने त्याला मुद्दाम बोलावलंय, मुद्दाम जनरल केलंय. त्याच्याभोवती फिरून तो कपडे तपासतो, जसं रशियात याने त्याला तपासलं होतं. असिस्टंट पदक चुकीच्या बाजूला लावतो, म्हातारा सांगतो की रशियात हे असं लावत नाहीत, आणि असिस्टंट त्याला उडवून लावतो की मी कितीतरी रशियन सिनेमे केलेत, मला शिकवू नको. हा सीन मी सेटवरच्या प्रत्येक नव्या असिस्टंटला दाखवतो. गर्दीतल्या माणसाला काही माहीत असू शकतं, ऐकून घ्यायला दोन मिनिटं लागतात.

मग खंदकाचा सेट, नकली बर्फ, लिओ त्याच्या हातात चाबूक देतो. लक्षात घ्या, त्याच वस्तूने या म्हाताऱ्याने त्याचं तोंड फोडलं होतं. मूकपटांच्या सेटवर नटांना मूड यावा म्हणून वादक बसवायचे, तेही इथे दिसतात, आणि लिओ त्यांना रशियाचं जुनं राष्ट्रगीत वाजवायला सांगतो. कॅमेरा सुरू होतो, एक सैनिक बंड करतो, आणि म्हाताऱ्याच्या डोक्यात सेट आणि रणांगण यांच्यातली भिंत पडते. तो खरंच हुकूम द्यायला लागतो. आणि नेमका तिथे लिओचा चेहरा बघा, यानिंग्जचा नाही! पॉवेल जवळजवळ काहीच करत नाही. ज्याला आयुष्यभर पाडायचं होतं तो माणूस समोर पडतोय आणि त्याला ते बघवत नाहीये. म्हातारा कोसळतो, आपण जिंकलो का विचारतो, आणि लिओ त्याला त्याच्या जुन्या किताबाने हाक मारून हो म्हणतो. त्या हाकेसाठी एवढा सगळा सिनेमा आहे. सुरुवातीला खिडकीवर ज्याचं नाव कुणी विचारलं नाही, त्याला त्याच्या शत्रूने नावाने ओळखलं. यानिंग्ज मोठं करतो हे मान्य, पण तिथे तो एक असा माणूस करतोय जो स्वतःच आता खऱ्याखोट्याच्या पलीकडे गेलाय, त्याने छोटं करून कसं चालेल?

तर दहा मिनिटांसाठी माझा सल्ला असा की ऑस्कर, इतिहास वगैरे सिनेमा झाल्यावर ठेवा. आधी फक्त तीन गोष्टी बघायला सांगा: कोण कुणाला कपडे चढवतंय, डोक्याची थरथर, आणि चाबूक कुणाच्या हातात आहे. गोष्ट अजिबात सांगू नका, विशेषतः ट्रेनचं. टायटल कार्डं इंग्रजीत आहेत, हर्मन मँकिविझने लिहिलेली, छोटी आणि धारदार आहेत, मराठी माध्यमाची मुलं असतील तर कुणीतरी मोठ्याने मराठीत वाचलं तरी चालतं पण तो माणूस नाटकी वाचणारा नको.

कॉपीचं काम मात्र आदल्या दिवशी करून ठेवा. सिनेमा साधारण 88 मिनिटांचा आहे, तुमची फाइल त्याहून बरीच लहान असेल तर एकतर कापलीय किंवा वेग चुकलाय, आणि माणसं तुरुतुरु पळायला लागली की हॉल हसणारच, त्यात यानिंग्जचा दोष नाही. मूळ सिनेमा 2024पासून अमेरिकेत पब्लिक डोमेनमध्ये, म्हणजे कुणाच्याही हक्काशिवाय खुला, आहे, पण साफ केलेल्या प्रती आणि नवीन संगीताचे हक्क वेगळे असतात, ते तपासून घ्या. जुने सिनेमे डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीच्या प्रतीत दोन वेगवेगळे साउंडट्रॅक मिळतात, रॉबर्ट इस्रायलचा ऑर्केस्ट्रा आणि अलॉय ऑर्केस्ट्राचा जास्त ठोक्यांचा. कॉलेजच्या मुलांना मी दुसरा लावतो, गर्दीच्या आणि ट्रेनच्या सीनला तो पकडून ठेवतो. कुठल्यातरी फुकट कॉपीला चिकटवलेला पियानो असेल, ज्याचा पडद्यावरच्या सीनशी संबंधच नाही, तर तो बंद करा आणि कुणी वाजवणारा मिळाला तर त्याला आधी दोनदा सिनेमा दाखवून समोर बसवा, हार्मोनियमसुद्धा चालेल. पूर्ण शांततेत 88 मिनिटं नव्या प्रेक्षकाला जड जातात. आणि पडदे नीट लावून घ्या, बर्ट ग्लेननच्या कॅमेऱ्यातला धूर आणि सावल्या अर्ध्या उजेडात नुसत्या करड्या दिसतात.